बीएल सिरीज: ही गोष्ट नक्की कोणाची?

विरार_फास्ट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी २०२० च्या लॉकडाऊनपासून बीएल (बॉईज लव्ह, म्हणजे मुलामुलांच्या प्रेमाच्या सिरीज) बघतेय. सुरुवात टूगेदर ह्या थाई सिरीजने, तेव्हा बऱ्याच जणींची तिथूनच झाली, युट्यूबवर फुकट आणि खाली इंग्लिश सबटायटल्स. आता ऑफिसला जाताना बघते, टूगेदर बनवणारे जीएमएमटीव्हीवाले एक एपिसोड चार तुकड्यांत टाकतात ना, विरार सुटल्यावर नायगाव येईपर्यंत एक तुकडा होतो, अंधेरीला उतरेपर्यंत अख्खा एपिसोड. लेडीज डब्यात आमचा चौघींचा ग्रुप जमलाय ह्यावरच, आणि खरं सांगते, माझे सगळ्यात वाईट दिवस ह्या सिरीजनी काढलेत.

तर गणपतीत माझा मावसभाऊ पाच दिवस आमच्याकडे होता. २३ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याने मला सांगितलं की तो गे आहे, घरात अजून कोणालाच माहीत नाही (त्याला विचारूनच हे लिहितेय). मला वाटलं माझ्याकडे त्याला द्यायला केवढं काय काय आहे! रात्री सगळे झोपल्यावर हॉलमध्ये बसलो, बाप्पासमोर समई चालू, एक इयरफोन त्याच्या कानात एक माझ्या, आणि मी टूगेदर लावली. तीन एपिसोड बघितले त्याने. मी मधेमधे त्याच्या तोंडाकडे बघत होते की आता हसेल आता हसेल.

शेवटी म्हणाला, छान आहे गं ताई, दिसतात पण मस्त. पण तो ग्रीन बघ ना. (ज्यांनी नाही बघितली त्यांच्यासाठी, ग्रीन नावाचा मुलगा हिरोच्या, म्हणजे टाईनच्या मागे लागलेला असतो, उघड उघड गे, लाडिक बोलणारा, आणि त्याच्यापासून सुटका व्हावी म्हणून टाईन सारावत नावाच्या मुलाला खोटाखोटा बॉयफ्रेंड व्हायला सांगतो. सिरीजची सुरुवातच ती आहे.) म्हणाला, अख्ख्या कॉलेजात उघडपणे गे असलेला तो एकटा, आणि त्याच्यापासून पळायचं ह्यावर सगळे हसतायत. शाळेत मी तो ग्रीन होतो. मग म्हणाला, हे तुझ्यासाठी बनवलंय, माझ्यासाठी नाही, आणि झोपायला गेला.

भांडला वगैरे नाही, सकाळी माझ्यासोबत मोदकही वळले त्याने. पण मी ही सिरीज चार वेळा बघितलीय आणि मला ग्रीनचं एकदाही वाईट वाटलं नव्हतं, उलट मी हसले होते. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. ही गोष्ट नक्की कोणाची आहे? आपण बघतोय ते चुकतंय का? आणि त्याला दाखवण्यासारखं खरंच काही आहे का?

---

चाफेकळी

अगं तुझ्या भावाचं बोलणं काळजाला लागलं, ग्रीनच्या बाबतीत तो बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण बाकीची बाजू मला मांडायचीच आहे कारण बीएल बघणाऱ्या पोरी म्हणजे उथळ असं लगेच सुरू होतं.

मी हिरो-हिरोईनची गोष्ट बघायला बसले की अंग आखडूनच बसते. आता हिला कोण बोलणार, आता हिची नोकरी सुटणार, आता हिने कोणासाठी तरी काहीतरी सोडायचं. आमच्या घरी सात ते दहा टीव्ही चालू असतो आणि त्यात कुठलंही प्रेम असो शेवटी ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी येऊन उभं राहतं. बीएलमध्ये दोघंही मुलगे, कोणी कोणाच्या घरी नांदायला जाणार नाहीये, कोणाच्या बाईपणावर बोट ठेवलं जाणार नाहीये, तेव्हा कुठे मला प्रेम नुसतं प्रेम म्हणून बघता येतं. हे मला माझ्या नवऱ्यालाही धड समजावता आलेलं नाही पण माझ्यापुरतं शंभर टक्के खरं आहे.

आणि ह्याची मुळंच तिथली आहेत. जपानमध्ये १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया ह्या बायकांनी मुलींच्या मासिकांत मुलामुलांच्या प्रेमाच्या चित्रकथा काढल्या, ताकेमियाची काझे तो की नो उता १९७६ साली सुरू झाली. मुलीच्या पात्राला जे करू देत नव्हते ते त्यांनी मुलांकडून करवून घेतलं. म्हणजे बायकांनी बायकांसाठी शोधलेली ही जागा आहे, चोरलेली नाही.

भीती नसलेलं जग दाखवणं हे मला तरी खोटं वाटत नाही. भीती तर बाहेर आहेच की.

---

तिरकी_रेघ

चाफेकळी, अर्धं पटलं. जागा बायकांनी शोधली हे खरं, पण त्या जागेत माणसं दुसऱ्यांची उभी केली ना. आणि तुझ्या भावाने गणपतीत जे विचारलं ते जपानमध्ये १९९२ सालीच विचारून झालंय, विरार_फास्ट. मासाकी सातो नावाच्या गे कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत लिहिलं होतं की ह्या कथांमधले देखणे पुरुष म्हणजे आम्ही नव्हे, आणि आमच्या नावावर तुम्ही स्वतःची हौस भागवताय. त्यावर बायकांनी उत्तरं दिली, काहींनी रागाने दिली, काहींनी मान्य केलं, वर्षानुवर्षं तो वाद चालला, याओई रोन्सो म्हणतात त्याला. तेव्हा एवढ्यात मिटणारा विषय नाहीये हा.

माझा राग भीती न दाखवण्यावर नाहीच. मी स्वतः सोटस ह्या जुन्या थाई सिरीजपासून सगळं बघितलंय. राग ह्यावर आहे की वर्षानुवर्षं थाई सिरीजमध्ये तेच एक वाक्य, "मला मुलगे आवडत नाहीत, मला फक्त हा आवडतो." म्हणजे गे असणं एवढं वाईट की प्रेमात पडलेला हिरोसुद्धा ते नाव स्वतःला लावून घेत नाही! मग दोघांपैकी जो बारका, गोरा, त्याला सगळे मित्र "बायको" म्हणणार. चाफेकळी तू म्हणतेस नांदायला कोणी जात नाही, अगं दुसऱ्या दारातून तेच आत आलंय की. आणि २०१९ ची थार्नटाईप तर मी मैत्रिणींशी भांडून अर्धवट सोडली. लहानपणी अत्याचार झालेला मुलगा, त्यामुळे गे लोकांचा द्वेष करणारा, आणि त्याच्याशी नशेत असताना लगट केली जाते आणि ती प्रेमाची सुरुवात मानायची. गाजली मात्र तुफान.

तसंच जोड्यांचं. दोन अ‍ॅक्टर एकदा जोडीने हिट झाले की तीच जोडी पुढच्या सिरीजला, तीच जाहिरातीत, तीच फॅनमीटला हात धरून. खू-जिन म्हणतात थाईमध्ये, म्हणजे मनातल्या मनात लावलेली जोडी. मग त्यातल्या एकाला खऱ्या आयुष्यात गर्लफ्रेंड असल्याचं कळलं की लोक त्या मुलीला शिव्या घालतात, त्याला माफी मागायला लावतात. आपल्याच फॅन ग्रुपवर मी हे वाचलंय, मराठीत. लाज वाटली मला.

पण हेही सांगते, सगळं तसंच राहिलेलं नाही. बॅड बडी बघ. शेजारशेजारची घरं, दोन्ही घरांचं हाडवैर, पॅट इंजिनिअरिंगला, प्रान आर्किटेक्चरला, आणि दोघांपैकी कोणी कोणाची "बायको" नाही, भांडतात तरी बरोबरीने आणि प्रेमही बरोबरीने करतात. शिवाय पॅटच्या बहिणीला मुलगी आवडते आणि त्याचा कोणी तमाशा करत नाही. तुझ्या भावाला टूगेदरच्या आधी ही दाखवायला हवी होतीस.

---

लान_झान_भक्त

बॅड बडी चांगलीच आहे, पण द अनटेम्डचं नाव अजून कसं आलं नाही?

मूळ चिनी कादंबरीत दोघं सरळ सरळ प्रेमी आहेत. २०१९ च्या सिरीजमध्ये सेन्सॉरमुळे ५० एपिसोडमध्ये एक किस नाही, आय लव्ह यू नाही, काही नाही. आणि तरी! लान घराण्याची ती कपाळावरची पट्टी, जिला घरचं माणूस किंवा जोडीदार सोडून कोणी हात लावायचा नाही, ती लान वांगजी थंड पाण्याच्या गुहेत आपल्या आणि वेई वूशियानच्या मनगटाला एकत्र बांधतो, जीव वाचवायला म्हणून. एक शब्द बोलत नाही. मी दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून तो सीन बघितला आणि माझी गाडी गेली.

आता तेही मिळणार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथल्या सरकारने "बायकी" पुरुषांना पडद्यावरून हटवायचं फर्मान काढलं आणि अशा कादंबऱ्यांवरच्या सिरीज अडकून पडल्या. शूटिंग पूर्ण होऊन पडून आहेत, लोकांनी वर्षवर्ष मेहनत केलेली.

---

तिरकी_रेघ

@लान_झान_भक्त, मनगटाचा सीन मलाही प्रचंड आवडतो, पण जे बोलायला बंदी आहे ते नजरेतून ओळखायचं ह्याची सवय त्या २३ वर्षांच्या मुलाला आधीच आहे ना. त्याला अजून एक लपवलेलं प्रेम कशाला दाखवायचं?

---

लान_झान_भक्त

हो, हे मान्य. मी स्वतःच्याच आवडीचं सांगत सुटलो. मीही गेच आहे आणि घरात कोणाला माहीत नाही, कदाचित म्हणूनच मला नजरेचं आवडत असेल.

---

परळचा_भाडेकरू

विरार_फास्ट, तुझ्या भावाच्या वयाचा होतो तेव्हा मला कोणी रात्री जागून काही दाखवलं असतं तर आवडलं नसतं तरी जन्मभर लक्षात राहिलं असतं. तेव्हा तू चुकलीस असं मनात आणू नकोस. आता माझं वय ४४. आमच्या लहानपणी सिनेमात जो ग्रीन असायचा त्याच्यावर थिएटर हसायचं, आणि मी पण बापाच्या शेजारी बसून मोठ्याने हसायचो, म्हणजे संशय नको.

मी बीएल फार बघत नाही, कॉलेजातली पोरं बघून मला काही होत नाही. पण एक जपानी सिरीज आहे, व्हॉट डिड यू ईट येस्टरडे, २०१९ सालची, फुमी योशिनागा ह्या बाईंच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून केलेली. (म्हणजे चाफेकळी ताई, बाईनेच लिहिलीय, तुमचा मुद्दा राहतोच.) शिरो वकील, केंजी सलूनमध्ये काम करतो, दोघं चाळिशी ओलांडलेले, एकत्र राहतात. बारा एपिसोड, प्रत्येकात शिरो ऑफिसातून सुटतो, भाजी घेतो, घरी येऊन स्वयंपाक करतो, दोघं जेवतात. एवढंच. महिन्याला जेवणाचा खर्च २५ हजार येनच्या वर जाऊ द्यायचा नाही हा त्याचा नियम, कुठल्या दुकानात काय स्वस्त ते त्याला पाठ. एकदा कलिंगड स्वस्त मिळतंय पण दोघांना अख्खं जास्त होईल म्हणून तो दुकानात भेटलेल्या अनोळखी बाईंना विचारून अर्धं अर्धं वाटून घेतो आणि तिथून त्यांची घरगुती मैत्री होते. मी आणि माझा पार्टनर दर रविवारी भायखळ्याला भाजी आणायला जातो, कोथिंबिरीच्या जुडीवरून आमची भांडणं होतात. हे असं आपलं कोणी कधी दाखवलं होतं सांगा मला.

आणि तुम्ही वर म्हणताय ती भीती त्यात आहे. केंजी सलूनमध्ये गिऱ्हाइकांना सांगतो की माझा पार्टनर वकील आहे, आणि शिरो त्याच्यावर भडकतो कारण त्याच्या ऑफिसात कोणालाच माहीत नाही. शिरोच्या आईला माहीत आहे, ती बिचारी इतकी समजूतदार व्हायला बघते की म्हणते तू गे असलास काय नि गुन्हेगार असलास काय, आमचाच आहेस. तिला कळतही नाही काय बोलली ते.

पुढे स्पॉयलर आहे, ज्यांना नको त्यांनी खालचा परिच्छेद सोडा.

जपानमध्ये नवीन वर्ष म्हणजे आपली दिवाळी, घरी जायचंच. शिरो एकटा जातो, केंजी टोकियोत एकटा. शेवटी एका वर्षी तो केंजीला आईवडिलांकडे घेऊन जातो, केंजी घाबरत घाबरत. आपल्याला वाटतं झालं, मिळालं सगळं. मग ह्याच सिरीजच्या पुढच्या, २०२१ च्या सिनेमात कळतं की ते गेल्यावर आई आजारी पडल्यासारखी झाली आणि आता आईवडील शिरोला सांगतात की पुढच्या वर्षी त्याला आणू नकोस. कोणी वाईट नाहीये हो त्यात. आई प्रयत्न करून करून थकली. मी तो सीन दोनदा थांबवला.

आम्ही एकत्र राहतो त्याला ११ वर्षं झाली. दिवाळीत मी आईकडे, तो सांगलीला. माझी आई परत येताना फराळाचे दोन डबे देते, एक माझा आणि एक "तुझ्या मित्राचा", त्याच्या डब्यात चकल्या जास्त असतात कारण त्याला आवडतात हे तिला माहीत आहे. ह्यापलीकडे ती कधी एक शब्द बोललेली नाही, मी पण नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला, आमचं नातं गुन्हा नाही म्हणून, त्या दिवशी मी तिला फोन केला आणि तब्येतीचं विचारून ठेवून दिला. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा निकाल लागला, म्हणजे नाहीच लागला, संसदेने बघावं म्हणाले, तेव्हा तिनेच फोन केला, जेवलास का विचारलं. आधी ती त्या वेळेला कधीच फोन करायची नाही.

आता तुमच्या वादाबद्दल. लव्ह सिक ही थाई सिरीज २०१४ ची, आणि थायलंडमध्ये लग्नाचा कायदा लागू झाला २३ जानेवारी २०२५ ला. मधली सगळी वर्षं तिथले खरे गे लोक टीव्हीवर रोमान्स बघत होते आणि हॉस्पिटलात जोडीदाराच्या कागदावर सही करू शकत नव्हते. कायदा सिरीजने आणला नाही, तो तिथल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घालून आणला. पण ह्या पोरींच्या आया आणि आज्या तोवर दोन मुलांना हात धरताना बघून सरावल्या असतील तर ते मला कमी वाटत नाही. मुलींनी बीएल बघू नये असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त ग्रीन दिसला की हसायच्या आधी थांबा.

---

चाफेकळी

दादा, मी ऑफिसच्या पँट्रीत उभी राहून रडतेय. चकल्यांचं वाचून.

माझं वरचं सगळं मी मागे घेत नाहीये पण "बायकांनी शोधलेली जागा" हे मी फार ठसक्यात लिहिलं होतं. शोधली आपण, पण त्यात राहायला तुम्हाला अर्धीच खोली दिली, असं काहीतरी वाटलं आज.

---

गिरगावची_काकू

मी ५९ वर्षांची, बँकेतून रिटायर झाले. हे सगळं मला माझ्या मुलीने दाखवलं. आधी मी तिला म्हटलं होतं की हे काय घाणेरडं बघतेस, तेही इथे लिहिते कारण ते खरं आहे.

मला मूनलाईट चिकन आवडली. २०२३ ची, आठच भाग. पटाया गावात जिम नावाचा माणूस कोंबडी-भाताचं छोटं दुकान चालवतो, डोक्यावर कर्ज, भाचा सांभाळतो. आमच्या वाडीतला खानावळवाला तसाच होता, रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढून हिशोब करत बसायचा, मला पहिल्या भागातच तो आठवला आणि मग हे दोन पुरुष आहेत हे मी विसरूनच गेले. भाचा ली मिंग आणि ऐकू न येणारा हार्ट, त्यांचं तर किती छान आहे. तो मुलगा त्याच्याशी बोलता यावं म्हणून खुणांची भाषा शिकतो. कष्ट घेऊन शिकतो, चुकतो, परत करतो. मला वाटलं मी माझ्या मुलीची भाषा शिकायला एवढेही कष्ट घेतले नव्हते.

विरार फास्ट बाळा, तुझी मावशी कशी आहे स्वभावाने? तिला काही दाखवता येईल का? तुझ्या भावाला बघायला सगळं मिळेल, तो तरुण आहे, शोधेल. दाखवायचं मला वाटतं तिला आहे. परळच्या दादांच्या आईला कोणी काही दाखवलं नाही, तिने चकल्यांवर भागवलं.

---

परळचा_भाडेकरू

काकू, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी पंधरा मिनिटं काही लिहू शकलो नाही. नमस्कार करतो.

---

तिरकी_रेघ

काकूंच्या प्रश्नाला धरून, आईला दाखवायला आय टोल्ड सनसेट अबाउट यू पण आहे. २०२० ची, पाच भाग, फुकेतच्या जुन्या वस्तीत घडते. तेहची आई नूडल्सचं दुकान चालवते, दोन मित्र युनिव्हर्सिटीच्या प्रवेशासाठी चिनी शिकत असतात. त्यात तेहला स्वतःला जे वाटतंय त्याचीच इतकी भीती वाटते की तो अक्षरशः कोसळतो. भीती दाखवली नाही असं कोणी म्हणूच शकणार नाही. फक्त मावशींना झेपेल का बघ, दोन मुलं जवळ येतात ते सीन खूप जिवंत घेतलेत. तू आधी एकटी बघ, मग ठरव.

---

विरार_फास्ट

सगळ्यांचे खूप खूप आभार, मला वाटलं होतं दोन-तीन नावं सुचवाल.

काकू, मावशी तापट आहे पण मनाने वाईट नाही. ती रात्री स्वयंपाकाचे व्हिडिओ बघते, त्यामुळे शिरोचा स्वयंपाक ती बघेल असं मला वाटतंय, निदान वांग्याचं काय केलं ते तरी. पण भावाला विचारल्याशिवाय मी काहीच करणार नाही, आणि तो आत्ता नको म्हणाला तर नकोच.

टूगेदर परत लावली काल ट्रेनमध्ये, ग्रीनचे सीन फक्त बघितले. ग्रुपमधल्या तिघी हसल्या, मी त्यांना तिथेच भाईंदरच्या खाडीवर सांगितलं त्याने काय म्हटलं ते. एक म्हणाली तू आता सगळ्याची मजा घालवणार. बाकीच्या दोघी काही बोलल्या नाहीत, पण उतरताना एकीने हात दाबला.

भावाला मी व्हॉट डिड यू ईट येस्टरडेचं फक्त नाव पाठवलं, बाकी काही लिहिलं नाही, हा धागाही अजून दिला नाहीये कारण दादांनी स्पॉयलर टाकलाय. दोन दिवस काही उत्तर नव्हतं. आज पहाटे पावणेदोनला मेसेज आला:

"ताई, हा केंजीला शेवटी घरी घेऊन जातो का? थांब, सांगू नकोस."